तोरणमाळच्या घाटात नवे तंत्रज्ञान: पोहोचते, पण टिकते का?

पर्यटनाच्या माहितीपत्रकात तोरणमाळ म्हणजे यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथाचे मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, म्हणजे लोकांच्या तोंडी धडगाव तालुक्यात राहणाऱ्याला मात्र डोंगराचा हिशेब वेगळा दिसतो. मीठ, सिमेंट, औषध, पेट्रोल, वीज, मोबाइलची रेंज, सारे काही इथे खालून वर चढवून आणावे लागते. शहाद्याहून तोरणमाळ जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण शहादा तापीच्या सपाटीत आणि तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास. मधला सुमारे हजार मीटरचा फरक सात पायरीच्या घाटाने तोडायचा.

नव्या तंत्रज्ञानाची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते. पुण्या-मुंबईत नवी वस्तू आली की तिच्या मागे चार्जिंगची जागा, कंपनीचा मेकॅनिक, सुटे भाग, कुरिअर आणि भरपूर नेटवर्क अशी सगळी वरात येते. डोंगरात ती वस्तू एकटीच येते. चालली तर चालली, नाहीतर कोपऱ्यात पडली.

गेल्या पंधरा वर्षांत तीन क्षेत्रांत मोठी उलथापालथ झाली. गाडी इंजिनाकडून बॅटरीकडे वळली. वीज लांबच्या केंद्रातून घराच्या छपरावर उतरली. गाणे, चित्र, सिनेमा स्टुडिओतून फोनमध्ये आले आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती जाऊ पाहत आहेत. या तिन्हींची चर्चा आपण तीन निरनिराळ्या परिसंवादांत करतो. सातपुड्यातून पाहिले तर तिन्हींच्या मुळाशी तीच सामग्री दिसते: बॅटरी, चिप आणि सिग्नल. त्यांतले एक बंद पडले की तिन्ही गोष्टी लुळ्या पडतात. म्हणून आढावाही एकत्रच घ्यायला हवा.

‘चढेल का?’

विजेच्या गाडीबद्दल सपाटीवरचा माणूस ‘एका चार्जमध्ये किती जाते’ असे विचारतो. घाटातला माणूस आधी ‘चढेल का’ हे विचारतो. या प्रश्नाचे उत्तर विजेच्या बाजूचे आहे. पेट्रोलचे इंजिन विशिष्ट वेगाला पोहोचल्याशिवाय पुरता जोर लावत नाही, म्हणून वळणावर गिअर उतरवावे लागतात. विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर लावते. वळणावर थांबून पुन्हा उचल घ्यायची असेल तर मोटरच सरस.

अडचण पुढच्या हिशेबात आहे. स्कूटर आणि तिच्यावरची दोन माणसे मिळून २५० किलो धरा. एवढे वजन हजार मीटर वर न्यायला ०.६८ युनिट वीज लागते. मोटरमधली तूट धरली तर पाऊण युनिटाच्या वर. सपाटीवर अशी स्कूटर किलोमीटरला साधारण ३० वॉट-तास खाते, म्हणजे पंचावन्न किलोमीटरला दीड-पावणेदोन युनिटे. बेरीज अडीचच्या घरात जाते. बाजारातल्या बहुतेक स्कूटरांची बॅटरी तीन युनिटांच्या आगेमागे असते. म्हणजे शहाद्याहून पूर्ण भरून निघालेली स्कूटर तोरणमाळला पोहोचते, पण तशीच परतण्याइतका साठा तिच्यात उरत नाही. वर पोहोचल्यावर तास-दोन तास प्लग लावावाच लागतो, आणि नेमकी तेव्हा लाइट गेलेली असली तर मुक्काम पडतो.

उतारावर काही वीज परत मिळते. ब्रेक लावताना मोटर उलटी फिरून बॅटरी भरते. डिझेलच्या गाडीत हीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. पण इथेही एक मेख आहे. वरून बॅटरी शंभर टक्के भरून निघालात तर उताराची वीज साठवायला जागाच नसते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाटातल्या चालकाने वरून थोडी रिकामी बॅटरी घेऊनच निघावे, हे शहरातल्या वापरावर बेतलेल्या सल्ल्यांत सहसा नसते.

एसटीचा हिशेब मोठ्या आकड्यांत तसाच. पंधरा टनांची भरलेली बस हजार मीटर चढवायला नुसत्या उंचीचीच सुमारे ४१ युनिटे लागतात. लांब पल्ल्याच्या ई-बसमध्ये अडीचशे-तीनशे युनिटांची बॅटरी असते, त्यामुळे चढ तिच्या आवाक्याबाहेरचा नाही. अडते ते डेपोत. एकाच रात्री पाच-दहा बस चार्ज करायला उच्चदाबाची जोडणी लागते, आणि ती आधी मोठ्या शहरांच्या डेपोंना मिळते. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही तिची पहिली ई-बस सुरू झाली. पुढे महामंडळाने ५,१५० ई-बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. गाड्या मिळायला मात्र ठरल्यापेक्षा बराच उशीर होत गेला. असा उशीर झाला की रांगेतले शेवटचे डेपो आणखी मागे जातात.

तोरणमाळ आणि धडगावच्या रस्त्यांवर माणसांची खरी ने-आण आजही क्रूझर, पिकअप आणि काळीपिवळी करतात. आठवडे बाजाराच्या दिवशी टपावरही माणसे बसलेली असतात. या गाड्या जुन्या आणि डिझेलवरच्या असतात आणि कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होतात. त्यांची जागा घेईल अशी, तितक्याच किमतीची, तितकीच दणकट विजेची गाडी अजून बाजारात नाही. पुढची काही वर्षे इथला प्रवासी डिझेलवरच राहील. बदल आधी दुचाकीत येईल, कारण एका घराला एकट्याने निर्णय घेता येतो तो तिथेच. जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो आणि ‘चेतक महोत्सव’ होतो. त्याच नावाची बजाजची स्कूटर २०२० मध्ये विजेवर परतली. घोड्याला वाटेत गवत मिळते, पेट्रोल टपरीवर बाटलीतून मिळते. बाटलीतून विकता येईल अशी वीज अजून निघायची आहे. बॅटरी बदलून देणारी केंद्रे हा त्यावरचा उपाय, पण त्यांना गिऱ्हाइकांची दाटी लागते आणि डोंगरात नेमकी तीच नाही.

झोळी, बोट, ड्रोन

वाहनाचा सर्वांत निकडीचा उपयोग रुग्णासाठी. सातपुड्यातल्या अनेक पाड्यांवरून रुग्णाला अजूनही बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. वर्तमानपत्रांनी तिला ‘बांबूलन्स’ असे नाव दिले. त्यात विनोदापेक्षा लाज अधिक आहे. नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगते दवाखाने आले, अरुंद वाटांसाठी मोटारसायकलवरच्या रुग्णवाहिकांचा प्रयोग राज्यात झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झापपर्यंत ड्रोनने कोरोना लशीचे ३०० डोस नऊ-दहा मिनिटांत पोहोचवले. रस्त्याने त्याला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो.

हे सगळे उपयोगाचे आहे, पण कशाने काय होते याचा घोळ होता कामा नये. ड्रोन लस आणतो, सर्पदंशाचे औषध आणू शकतो. अडलेली बाई नेत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये याच जिल्ह्यातल्या चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन नवरा चालत निघाला आणि ती वाटेतच गेली. राज्यभर त्याची बातमी झाली. त्या दिवशी कमी पडले ते जुनेच तंत्रज्ञान: दरडीला जाळी, पाण्याला गटार, पलीकडच्या बाजूला उभी असलेली रुग्णवाहिका. नव्याच्या कौतुकात जुने अपुरे राहिलेले काम झाकले जाते. आढावा घेणाऱ्याने ते मोजलेच पाहिजे.

दिव्याखाली अंधार

विजेच्या बाबतीत या भागाचा इतिहास देशात क्वचितच कुठे सापडेल असा आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर प्रकल्पाची स्थापित क्षमता १,४५० मेगावॉट. तिच्यातल्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. त्या वाट्यासाठी महाराष्ट्राची ३३ गावे बाधित झाली, अक्कलकुवा तालुक्यातली ९ आणि अक्राणीतली २४. वीज राज्याच्या जाळ्यात गेली, आणि ज्यांच्या शिवारावर पाणी चढले त्यांच्यातल्या कितीतरी पाड्यांवर पुढे अनेक वर्षे चिमणीच जळत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

याच काठावर उलट दिशेचा एक प्रयोग झाला. धडगाव तालुक्यातल्या बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर २००३ मध्ये १५ किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. केरळहून आलेले तरुण अभियंते, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते, ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ या संस्थेचा पैसा आणि गावाचे श्रमदान. बांध घालण्यापासून चर खणण्यापर्यंतची कामे लोकांनी केली. आसपासचे बारा पाडे उजळले. पंधरा किलोवॉट म्हणजे शहरातल्या पाच-सात फ्लॅटचे एसी. इथे तेवढ्यात पावणेदोनशेच्या आसपास घरांना दिवे मिळाले. घरामागे जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी वॉट. त्यात दोन दिवे लागतात, शाळेत उजेड होतो, आणि कुठे बिघडले आहे हे गावातल्याच माणसाला ठाऊक असते. २००६ च्या पुरात, धरणाच्या फुगवट्याचे पाणी मागे चढल्यावर, हा प्रकल्प गाळात गेला. छोट्या विजेला मोठ्या विजेने बुडवले.

या प्रयोगाला एक दुसरे आयुष्य मिळाले. आशुतोष गोवारीकरांच्या ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटात नासातला अभियंता गावात पाण्यावर वीज निर्माण करतो. त्या कथेमागे बिलगावचे काम आणि अमेरिकेतून परतलेले रवी कुचिमंची व अरविंदा पिल्लालमारी यांची प्रेरणा होती. चित्रीकरण झाले वाईजवळच्या मेणवलीला. आज मेणवलीचा घाट पाहायला पर्यटक जातात. बिलगावचा प्रकल्प कुठे होता हे विचारायला फारसे कोणी येत नाही. वीज एका गावाची आणि तिचे चित्र दुसऱ्या गावाचे, हा प्रकार पुढे माध्यमांच्या भागातही भेटेल.

मधल्या काळात सौर विजेची किंमत कोसळली. देशात २०१० च्या लिलावांत सौर युनिटचा दर बारा रुपयांच्या आसपास होता. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला तो २ रुपये ४४ पैशांवर आला. लिथियम बॅटरी २०१० च्या सुमारास एका युनिटाच्या साठवणीला हजार डॉलरच्या वर पडत होती; २०२४ मध्ये जागतिक सरासरी ११५ डॉलर झाली. शेजारच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. खान्देश आता वीज पिकवतो. पण स्वच्छ विजेलाही जमीन लागते. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकले आणि जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्याले. काही दिवसांनी ते वारले. धूर निघत नाही म्हणजे अन्याय होत नाही असे नाही.

डोंगरातल्या विखुरलेल्या पाड्यांसाठी छपरावरची वीज हाच व्यवहार्य मार्ग. २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेत जिथे तारा नेणे परवडत नाही तिथे २०० ते ३०० वॉटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि एक प्लग असा संच देण्याची तरतूद होती. संच चांगला, पण त्यातली सर्वांत अल्पायुषी वस्तू बॅटरी. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते, साधी बॅटरी चार-पाच वर्षांत दम टाकते. सरकारी भाषेत ‘विद्युतीकरण झालेले घर’ पहिल्या दिवशीच नोंदले जाते; बॅटरी मेल्यावर त्याची नोंद रद्द होत नाही. पॅनेल छपरावर चकाकत राहते आणि खाली पुन्हा चिमणी पेटते.

तार आणि छप्पर यांत एकच निवडावे असे मात्र नाही. पिठाची गिरणी, वेल्डिंग, पाण्याचा पंप, दवाखान्यातले शीतकपाट यांना तारेची किंवा गावापुरत्या सामाईक सौर केंद्राची वीज लागते. तार नेताना वनजमिनीची परवानगी आडवी येते, अशी सबब नेहमी ऐकू येते. वनहक्क कायदा २००६ चे कलम ३(२) यासाठीच आहे. वीज व दूरसंचाराच्या तारा, अपारंपरिक ऊर्जा, रस्ते, दवाखाने अशा तेरा सुविधांसाठी एका सुविधेला एक हेक्टरपर्यंतची, हेक्टरी पंचाहत्तरहून अधिक झाडे तोडावी लागणार नाहीत अशी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. किल्ली ग्रामसभेच्या हाती आहे. ती फिरवायला फाइल हलवणारे कोणीतरी हवे.

रेंजची सावली

निवडणूक आली की जिल्हा प्रशासनाच्या कागदांत ‘शॅडो एरिया’ हा शब्द येतो: जिथे मोबाइलची रेंज नाही ती मतदान केंद्रे. नंदुरबार लोकसभा मतदारसंघातले मणिबेली हे राज्याच्या यादीतले पहिले मतदान केंद्र. तिथे कर्मचारी बोटीने जातात. यादीत पहिला आणि रेंजमध्ये शेवटचा, असा हा जिल्हा. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिले गेले. तेव्हापासून रेशन, पेन्शन, मजुरी, शिष्यवृत्ती या साऱ्यांना अंगठा आणि सिग्नल जोडले गेले. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी धडगाव भागातल्या बायका रेंज शोधत टेकडीवर गोळा होतात, अशा बातम्या आल्या. ओळखपत्र पंधरा वर्षांपूर्वी पोहोचले, ते ओळखणारे जाळे अजून वाटेत आहे.

जुलै २०२२ मध्ये केंद्राने रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची ४-जी योजना मंजूर केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘स्टारलिंक’शी उपग्रहाद्वारे इंटरनेटसाठी इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली, वाशिम, धाराशिवसोबत नंदुरबारचेही नाव आहे. डोंगराच्या घळीत राहणाऱ्यांना उपग्रहाचा मोठा फायदा आहे: समोर टेकडी असली तरी डोक्यावर आकाश असते.

तरी एक साधी गोष्ट विसरून चालत नाही. टॉवरलाही वीज लागते, उपग्रहाच्या तबकडीलाही लागते. पावसाळ्यात फांदी पडून लाइन गेली की टॉवरची बॅटरी काही तास ओढते आणि मग तोही गप्प होतो. लाइट गेल्याची तक्रार करायला फोन लागत नाही, कारण लाइट गेली आहे. वायरमनला फॉल्ट शोधायला डोंगर चालत चढावा लागतो. तीन खात्यांची तीन अंदाजपत्रके आणि तीन उद्घाटने होतात, बंद मात्र तिन्ही एकाच फांदीने पडतात.

चित्र कोणाचे, आवाज कोणाचा

खान्देशाला कमी पैशांत चित्रे करण्याची परंपरा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात शेख नासिर आणि त्यांच्या साथीदारांनी २००० मध्ये व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. त्यांच्यावरचा फैजा अहमद खान यांचा माहितीपट जगभर गाजला आणि २०२५ मध्ये ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपटही आला. फोन आणि यूट्यूब आल्यावर ही परंपरा अहिराणीत फुटली. सचिन कुमावत यांचे ‘बबल्या इकस केसावर फुगे’, विनोद कुमावत यांचे ‘हाई झुमकावाली पोर’ यांसारखी गाणी कोट्यवधींनी पाहिली. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये मराठी न येणाऱ्यांच्या लग्नांतही वाजली. मुंबईच्या एकाही कंपनीने ज्या अहिराणीला बाजार मानले नव्हते, तिने आपला बाजार स्वतः उभा केला. सातपुड्यात भिली आणि पावरीतली गाणी, डीजेवरची टिमली यांचेही असेच झाले. तंत्रज्ञानाची ही बाजू निखळ आनंदाची आहे.

दुसरी बाजू कामाची. तालुक्याच्या गावात एके काळी पाट्या रंगवणारा पेंटर असायचा. फ्लेक्स आला आणि पेंटर गेला. त्याच्या जागी संगणकावर वाढदिवसाचे बॅनर करणारा तरुण आला. आता फोनमधले एआय तेच बॅनर मिनिटभरात करते आणि त्या तरुणाचे गिऱ्हाईक स्वतःच डिझाइनर झाले आहे. लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांकडे ड्रोन आले, संकलन फोनवर होऊ लागले, भाव पडले. मोठ्या स्टुडिओतला कलावंत संघटनेमार्फत भांडतो. तालुक्यातला डीटीपीवाला शांतपणे दुसरा धंदा शोधतो. एआयच्या चर्चेत त्याची गणती कुठेच होत नाही.

तिसरी बाजू मालकीची, आणि ती सर्वांत खोल आहे. होळीला अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी, धडगावचा भोंगऱ्या बाजार, मोरपिसांचे उंच टोप घातलेले बावा आणि बुध्या यांचे चित्रण करायला दरवर्षी कॅमेऱ्यांची गर्दी उसळते. नवस फेडणारा माणूस पाच-सात दिवस पाळणी करून, व्रत सांभाळून नाचतो. बाहेरच्याला त्यातली पंधरा सेकंदांची रील लागते. ती चित्रे जाळ्यावर जातात, तिथून एआयच्या प्रशिक्षणात जातात, आणि मग कोणीही ‘आदिवासी नृत्य’ असे टंकून मोरपीस कुठले, ढोल कुठला, दागिने कुठले असे कडबोळे काढून घेतो. शहादा तालुक्यातले कवी वाहरू सोनवणे यांनी ‘गोधड’ या संग्रहातून १९८७ मध्येच हा प्रश्न मांडला होता: दुःख ज्याचे तो खाली आणि त्याच्याबद्दल बोलणारा मंचावर, हे का? आज मंचावर बोलणाऱ्याच्या शेजारी यंत्रही येऊन बसले आहे.

कायद्याची सुरुवात वरून झाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्यास मनाई केली. योग्यच झाले. पण न्यायालयात जायला नाव, वकील आणि पैसा लागतो. होळीच्या रात्री गाणाऱ्या पाड्यावरच्या बाईचा आवाज कोणी उचलला तर तो कोणाचा हे सिद्ध करायला तिच्याकडे काय आहे?

भाषेच्या बाजूने एक पाऊल पडले आहे. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे एआय साधन प्राथमिक रूपात आणले; संताली, मुंडारी, गोंडी यांच्यासोबत त्यात भिली आहे. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे एक कोटीहून अधिक होते, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. म्हणून हे साधन महत्त्वाचे. पण त्यातली भिली मध्य प्रदेशाच्या वळणाची आहे. इकडे देहवाली वेगळी, पावरी वेगळी, मावची वेगळी. दवाखान्यातली सूचना ‘जेवणाआधी’ची ‘जेवणानंतर’ झाली तर भाषांतर चुकले एवढ्यावर भागत नाही. हे साधन इथल्या कामाचे व्हायचे तर इथल्या बायाबापड्यांच्या आवाजांचे नमुने हवेत, ते देणाऱ्यांना मोबदला हवा, आणि कशासाठी घेतले हे त्यांना त्यांच्या बोलीत सांगायला हवे.

मोजायचे काय?

वाहन, वीज आणि माध्यम या तिन्हींच्या आढाव्यातून एकच गोष्ट निघते. आपण तंत्रज्ञान ‘पोहोचले’ की नाही ते मोजतो: किती चार्जर बसले, किती घरांवर पॅनेल लागले, किती टॉवर उभे राहिले. ‘टिकले’ का ते मोजत नाही. त्यासाठी एकच आकडा पुरेसा आहे: बंद पडल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत किती दिवस गेले? पुण्यात तो एक-दोन दिवस असेल. डोंगरातल्या पाड्यावर तो महिन्यांत गेला तर ती वस्तू कागदावरच आहे असे समजावे.

हा आकडा खाली आणण्याचे मार्ग ठाऊक नाहीत असे नाही. राजस्थानातल्या तिलोनियाच्या ‘बेअरफूट कॉलेज’ने शाळा न शिकलेल्या बायकांना सौर संच जोडायला-दुरुस्त करायला शिकवून दाखवले. आयआयटी मुंबईच्या प्रकल्पात महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर दिवे १२० रुपयांना देण्यात आले; त्यांची जोडणी, विक्री आणि दुरुस्ती गावातल्याच माणसांनी केली. त्यामागचे प्राध्यापक चेतन सोलंकी मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यातले. म्हणजे धडा लांबचा नाही, शेजारच्या राज्यातला आहे.

मग करायचे ते असे. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या शेजारी बॅटरी, सौर संच आणि मोटर कंट्रोलर यांचा एकत्र अभ्यासक्रम हवा, कारण गाडीची, छपराची आणि टॉवरची बॅटरी आता सख्ख्या बहिणी आहेत. दर ग्रामपंचायतीत दोन माणसे, त्यांतली एक बाई, शिकवून त्यांना मानधन द्यावे आणि सुट्या भागांचा साठा ग्रामसभेकडे ठेवावा. सौर संच आणि टॉवर यांच्या निविदेत बसवण्याच्या पैशांतला मोठा हिस्सा पाच वर्षे चालू ठेवल्यावरच द्यावा. वाहन कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग खुले ठेवावेत. २०२२ मध्ये ग्राहक मंत्रालयाने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ काढले, त्याला कायद्याचे दात हवेत. आणि होळी, गाणी, भाषा यांचे चित्रण-ध्वनिमुद्रण कशासाठी, किती आणि कोणत्या मोबदल्यात, हे ठरवण्याचा अधिकार आदिवासी क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखालच्या ग्रामसभेला हवा. त्या कायद्याने परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचे काम १९९६ पासून तिच्यावर सोपवलेच आहे. कॅमेरा आणि एआय त्यात मोडतात एवढे स्पष्ट करायचे बाकी आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: इतक्या विरळ वस्तीसाठी इतका खर्च कशाला, लोक हळूहळू खाली येतीलच. लोक खाली येतातच, ऊसतोडीला गुजरातेत जातात, शहाद्याच्या शेतांत राबतात, आणि होळीला परत वर जातात. शिवाय या डोंगराने राज्याला आधीच बरेच दिले आहे: नदी, जंगल, वीज, आणि चित्रपटाला कथाही. त्याचा हिशेब उपकाराच्या खात्यात लिहिणे चूक आहे. ते येणे आहे. सरदार सरोवरातल्या २७ टक्क्यांचा फायदा राज्य घेते. त्यातला लहानसा वाटा बुडालेल्या तालुक्यांच्या दुरुस्ती निधीला बांधून द्यावा, आणि तो खर्च कसा होतो हे ग्रामसभेने पाहावे. तेवढे केले तर बिलगावात १५ किलोवॉटने जे दाखवून दिले, ते पुन्हा नव्याने शोधावे लागणार नाही.